कामकाजातून वगळलेले

दिसपूरच्या सभागृहात, अध्यक्षांच्या आसनाखाली,
एकतीस वर्षं माझं टेबल होतं.
बोलणं मला अजून रेघांतच ऐकू येतं.
बायको भाजीचा हिशेब सांगते
आणि बोटं मांडीवर लघुलिपी काढत राहतात.

निरदा पातिर पहिल्यांदा उभ्या राहिल्या
तेव्हा माइक त्यांच्या उंचीला नव्हता.
तो खाली करायला कुणी आलं नाही.
त्या टाचा उंचावून बोलल्या, सात मिनिटं.
"अध्यक्ष महोदय, तुमच्या नकाशातलं कोरोयबारी
परवा रात्री दीड वाजता लुइतनं नेलं.
माझ्या यादीत अकराशे चार मतदार आहेत,
त्यांच्या घर क्रमांकांवर सध्या मासे आहेत.
मी नेमकी कुणाची आमदार?
सरकार आम्हाला पाण्यात पाहतं म्हणतात.
पाहू दे. पण पाहा तरी!"
मी लिहिलं: (हशा).

हशाला एकच खूण लागते.
लिहिताना हात उचलावाही लागत नाही.

संध्याकाळी ओली छत्री दाराशी टेकवून त्या माझ्या खोलीत आल्या.
"खाउंड, किती जण हसले?"
"तशी नोंद नसते, बाई."
"मग ठेवत जा."

चांगघराचे खांब उपटून
नऊ वेळा घर मागे नेलेली बाई ती.
खुर्चीत कधी रेलून बसली नाही.
गळ्यात गामोसे पडायचे, सत्कारांचे,
ती ते घरी नेऊन मोटेची तोंडं शिवायची
असं लोक सांगत. मी पाहिलेलं नाही.
पाहिलं ते एवढंच, की तिसऱ्या निवडणुकीनंतर
त्या समोरच्या बाकांवरून अलीकडच्या बाकांवर आल्या,
जलसंपदा खात्याच्या राज्यमंत्री,
आणि पहिल्याच उत्तरात म्हणाल्या,
"प्रस्ताव विचाराधीन आहे."
या वाक्यासाठी माझ्याकडे जुनी, झिजलेली एक खूण होती.
ती काढताना मी मान वर केली नाही.

चार वर्षं ती खूण काढली.

मग एका फाल्गुनात कुणी नवा पोरगा उठला,
माइक बरोबर त्याच्या तोंडाशी,
आणि त्यानं विचारलं, "तटबंध बांधून वर्ष झालं नाही,
गाव कुठं आहे, मंत्रिमहोदया?"
त्या उभ्या राहिल्या. हातात खात्याचा कागद.
तो वाचला नाही.
गप्प उभं राहण्याला लघुलिपीत खूण नाही,
माझी पेन्सिल हवेत.
"त्या तटबंधावर माझी सही आहे.
पिशव्यांत वाळू निम्मीच भरली होती. मला माहीत होतं.
मला वाटलं, पुढचा पावसाळा तरी धरेल."

अध्यक्ष म्हणाले, "वगळा."
छापील अहवालात त्या जागी तीन टिंबं आहेत.
रात्री खातं गेलं. पुढच्या साली जागा गेली;
मतदारांतले अर्धे केरळात
प्लायवूडच्या कारखान्यांत पाळी करत होते,
मताला यायचं भाडं कुणी द्यायचं?

अहवाल छापून झाला की वह्या जाळायच्या, हा नियम.
मी एक जाळली नाही.
निवृत्त झाल्यावर फेरीनं पलीकडे गेलो,
पुढं पायी, वाळूतून, चपला हातात.
त्या चांगघराखाली मागावर बसल्या होत्या.
"वाचा," म्हणाल्या. वाचलं.
"निम्मी नाही. 'निम्म्याहून कमी' म्हणाले होते."
"खूण निम्मीचीच आहे, बाई."
"मग तुम्हीही थोडी दया केलीत," त्या म्हणाल्या,
आणि आपोंगचा वाटा पुढं सरकवला.

कोपऱ्यातल्या दोन खांबांना चुना लावलेला होता.
दहाव्या वेळी आधी तेच उपटायचे.

"ती हसण्याची खूण कशी असते हो?"
मी काठीनं वाळूत काढून दाखवली.
त्या वाकून बघेपर्यंत
एक कोंबडी तिच्यावरून चालत गेली,
पिल्लं मागोमाग, सहा की सात.